पाणी आल्याचं बटण

माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा पडदा आहे. त्यावर दिवसभर एक हिरवी रेघ वर चढत असते. आम्ही बनवलेलं ॲप लोक दिवसातून किती वेळा उघडतात, ते ती रेघ सांगते. रेघ चढली की सर खूश, आणि सर खूश असले की समोसे. ते समोसे मीही खाल्लेत, त्यामुळे मी कोणी साळसूद आहे असं सांगायला बसलेली नाही. पण त्या रेघेत माझी मामी आहे हे कळल्यापासून मला त्या पडद्याकडे बघवत नाही. हे लिहायला बसले तीही रागातच. राग शांत व्हायची वाट बघितली असती तर ह्यातलं अर्धं मीच कापून टाकलं असतं.

ॲप पाण्याचं आहे. ज्या वस्त्यांत नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नसतो, तिथल्या लोकांना पाणी आल्याबरोबर मोबाइलवर कळावं, एवढंच त्याचं काम. आणि ही कल्पना माझी. दुसऱ्या कोणाची असती तर आज शिव्या घालायला किती सोपं गेलं असतं.

मामीचं घर दिवा स्टेशनजवळ. तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर, मामाची कंपनी बंद पडली तेव्हा जे हातात आलं त्यातून दोघांनी ते घेतलं. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलेलो. मामी पाहुण्यांना देवघराच्या आधी मोरी दाखवत होती. "नळ घरात आहे," असं प्रत्येकाला सांगायची आणि तोटी सोडून, बंद करून दाखवायची. सामायिक नळावर हंडे लावण्यात जिची उमेदीची वर्षं गेली तिला घरातला नळ म्हणजे काय, ते आम्हा डोंबिवलीकरांना कळण्यासारखं नव्हतं. आम्हाला सकाळ-संध्याकाळ पाणी येतं आणि तरी आम्ही कुरकुरतो.

त्या घरात तीन वर्षं बरी गेली. मग मामाला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. तेव्हापासून तो कॉटवर. डॉक्टरांनी मामीला एकच गोष्ट चारचारदा सांगितली. रोज अंग पुसायचं, चादर ओली राहू द्यायची नाही, पाठ कोरडी ठेवायची. पाठीला एकदा जखम झाली की ती लवकर भरत नाही. म्हणजे पाणी हवं. पिण्याचं पाणी विकत आणता येतं, पण रोज दोन चादरी, चार दुपटी आणि एका उंचपुऱ्या माणसाचं अंग पुसणं विकतच्या पाण्यात होत नाही. मामी दुपारी तीनला निघून डोंबिवलीत एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाते. तेवढा वेळ शेजारीण मामाकडे लक्ष ठेवते. सकाळ मात्र पूर्ण मामाची. त्या सकाळी पाणी मिळालं तर त्या घरात राहता येतं, नाही मिळालं तर नाही. इतका साधा प्रश्न होता.

पाणी कधी आठला येतं, कधी अकराला, कधी एक वाजता. आलं की जेमतेम अर्धा तास. ज्याला आधी कळतं तो मोटर लावून ओढतो, आणि मोटरी लागल्या की तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या नळातून नुसती हवा. तरीही मामीला पाणी मिळायचं, कारण तळमजल्यावर बय होती.

बय म्हणजे आगरी म्हातारी. बिल्डिंग उभी आहे ती जागा तिच्या सासऱ्याची शेती. बिल्डरने त्या बदल्यात तिला तळमजल्यावरच्या खोल्या दिल्या. घरचे तिला बय म्हणायचे, आई म्हणतात तसं, म्हणून सगळी बिल्डिंगच बय म्हणायला लागली. सर्वांत खालचा नळ तिचा. पाणी आलं की ती खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन जिन्यालगतच्या पाइपवर ठोकायची. आवाज गच्चीपर्यंत जायचा. मग दारात खुर्ची टाकून बसायची. पहिली दहा मिनिटं वरच्यांची, तोवर खाली कोणी मोटर लावायची नाही, हा तिचा नियम. कुठे लिहिलेला नव्हता. पण मोटर सुरू झाली की ती कोणाच्या घरात, हे तिला खुर्चीत बसून कळायचं, आणि मग त्या घरातल्या तीन पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्या भीतीने का होईना, तिसऱ्या मजल्यावर पिंप भरायचं.

ऑफिसात नव्या कल्पना मागवल्या तेव्हा मी हे सांगितलं. बयचा बत्ता सगळ्यांना फार आवडला. "हाच बत्ता आपण मोबाइलमध्ये आणायचा," सर म्हणाले. मला अभिमान वाटला. माझ्या ओळखीच्या माणसांच्या उपयोगाचं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून होणार होतं. त्याआधीची दोन वर्षं मी लोकांना चपलांची आठवण करून देणाऱ्या सूचना लिहीत होते.

आम्ही तिघं पाहणी करायला दिव्याला गेलो. बयने आम्हाला बसवलं, चहा दिला. पाणी येणार हे तुम्हाला आधी कसं कळतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आगुदर नलान वारा येतं. सू सू करतं. मंग पानी. तुमचे मोबाइलला आयकू येतं का तो वारा?"

आम्ही हसलो. हे वाक्य पुढे आमच्या सादरीकरणात पहिल्या पानावर गेलं, बयच्या फोटोसकट. तिला विचारलं नाही. लोकांना खूप आवडलं.

ॲप तयार झालं. त्यात एक मोठं निळं बटण: पाणी आलं. बिल्डिंगमधल्या तिघांनी ते दाबलं की बाकी सगळ्यांचे मोबाइल वाजणार. तिघं कशासाठी, तर एखाद्याने उगाच दाबलं तर गोंधळ नको. कागदावर ह्यात काही खोट दिसत नव्हती. मी दोनदा तपासलं होतं. मामीचा मोबाइल मी स्वतः लावून दिला, आवाज मोठा ठेवला, दोनदा वाजवून दाखवला. मामाने डाव्या हाताने अंगठा वर केला.

महिन्याभरात बिल्डिंगच्या सेक्रेटरीने जिन्यात पाटी लावली. आता ॲप सुरू झालं आहे, तरी पाइप ठोकू नये, आवाजाचा त्रास होतो. त्रास कोणाला होत होता, तर पहिल्या मजल्यावरच्या एका घराला, ज्यांच्या मोटरीचा बयने सर्वांत जास्त वेळा उद्धार केला होता. मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा बय दार लोटून आत बसलेली. मी वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "मना शेक्रेटरी बोल्ला, बय, आता ठोकू नको, मोबाइल वाजंल. वाजू दे मंग." तिचा आवाज चढलेला नव्हता. तेच मला लागलं. पण मी काय केलं, तर तिला समजावलं. म्हटलं, बय, तुझेच कष्ट वाचवलेत गं. आज ते वाक्य आठवलं की कान तापतात.

मामीचे फोन सुरू झाले. "अगं, वाजतो, पण वाजतो तेव्हा नळाला थेंब नसतो." मी म्हटलं, मोबाइल जुना आहे. मी तिला माझा आधीचा मोबाइल दिला. मग म्हटलं, नेटवर्क नसेल. मग म्हटलं, तू सूचना बंद तर नाही ना केल्यास. आमच्या धंद्यात ही खोड आहे. वस्तू चालली नाही की वापरणाऱ्याला चार प्रश्न विचारायचे, तो पाचव्याला स्वतःच ओशाळतो. मामीही ओशाळली. म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल. मीच मध्ये मध्ये उघडून बघत जाईन." आणि ती उघडून बघायला लागली. पोळ्या लाटताना नाही, पण सकाळभर. मामाची चादर बदलताना, भाजी चिरताना, देवाला फूल वाहताना. पिठाच्या हाताने, ओल्या हाताने.

एका सोमवारी मी सुट्टी घेऊन तिच्याकडे जाऊन बसले. म्हटलं, बघू तरी काय होतंय. साडेदहाच्या सुमाराला खालून घरघर ऐकू आली. एक मोटर, मग दुसरी. दोन्ही मोबाइल समोर ठेवलेले, एक माझा, एक मामीचा. दोन्ही गप्प. मामीने तोटी सोडली. नळाने एक उसासा टाकला आणि तोही गप्प झाला.

मी तशीच अनवाणी जिना उतरले. पहिल्या मजल्यावर दार उघडं, बाई पिंपात पाइप धरून उभी. मी विचारलं, "बटण दाबलंत का?"

"दाबणार ना," ती म्हणाली. "हे एवढं भरू दे."

शेजारच्या घरात तेच. "भरून झालं की लगेच दाबते." दुसऱ्या मजल्यावरचा माणूस जरा खरं बोलला. "ताई, आत्ता दाबलं तर वरचे पण मोटर लावतील. मग मला काय येणार?"

मी तिथे जिन्यात उभी राहून ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणुसकी वगैरे शब्द होते त्यात. वरती एक म्हातारा माणूस ओल्या चादरीत पडलाय आणि तुम्हाला एक बोट हलवता येत नाही, असं काहीतरी. दारं हळूहळू लोटली गेली. पंचवीस मिनिटांनी, नळ सुकल्यावर, माझ्या हातातला मोबाइल टिणटिण वाजला. पाणी आलं.

मामी जिन्यात येऊन मला दंडाला धरून वर घेऊन गेली. मी अजून धुमसत होते. ती कॉटच्या कडेला बसली, मामाची दुपटी घड्या करत करत म्हणाली, "त्यांना बोलू नकोस. मागच्या गुरुवारी खालच्यांची मोटर बिघडलेली. पाणी आधी आपल्याकडे चढलं. मी पण नाही दाबलं."

"का?"

"भरत होते ना." पुढचं दुपटं उचलत म्हणाली, "चौथ्या मजल्यावर ती बाळंतीण आहे. तिला पण नाही सांगितलं."

जी बारा वर्षं पोळ्या लाटताना एकीशीही वाकडं बोलली नाही, शेजाऱ्यांच्या मुलाबाळांच्या आजारपणात जी रात्ररात्र बसली, तिला माझ्या बटणाने चोर बनवलं होतं. ती माणसं वाईट नव्हती. आम्ही त्यांच्या हातात असं बटण दिलं होतं, की जो दाबेल त्याचं पाणी जाईल. बय ठोकायची कारण तिचा नळ सर्वांत खाली होता. ठोकल्याने तिचं काही कमी होणार नव्हतं, आणि मोटर लावणाऱ्याला शिव्या द्यायची तिच्यात धमक होती. आम्ही तिचा बत्ता घेतला आणि तिला बाहेर ठेवलं. इतकी साधी गोष्ट पदवी घेतलेल्या अकरा माणसांच्या ध्यानात आली नाही. त्यात मी एक.

मंगळवारी मी सरांकडे गेले. सर तसे बरे आहेत, दार उघडं ठेवतात, सगळ्यांना नावाने हाक मारतात. मी त्यांना सगळं सांगितलं आणि उपाय पण सांगितला. प्रत्येक बिल्डिंगमध्ये बटण एकाच माणसाकडे द्या. सर्वांत खालच्या नळाच्या माणसाकडे, नाहीतर पाणी सोडणाऱ्या माणसाकडे. तो दाबेल, सगळ्यांना एकदम कळेल. लोकांना दिवसातून एकदाच ॲप उघडावं लागेल.

सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "एकदाच?"

"पाणी एकदाच येतं, सर."

"अगं, पण मग आपल्याकडे दाखवायला काय राहिलं?" त्यांनी पडद्याकडे हात केला. "आत्ता बघ. आपला माणूस दिवसातून वीस-वीसदा आपल्याकडे येतो. असं ॲप आहे का कोणाचं? बँकेचंसुद्धा नाही. तू म्हणतेस तसं केलं तर ही रेघ खाली येईल. वर काय सांगू मी?"

"सर, लोक येतात कारण त्यांना पाणी सापडत नाही. घरात चष्मा सापडत नसला की माणूस एकच खण दहादा उघडतो. म्हणून काय तो खण लोकप्रिय झाला?"

ते हसले. मनापासून हसले, ह्याचाच मला जास्त राग आला. "छान बोलतेस," म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या यादीत टाकू हे."

मी तेव्हाच राजीनामा द्यायला हवा होता, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटतं. पण घराचे हप्ते माझ्या पगारातून जातात, आणि शिवाय मला खरंच वाटत होतं की आतून काहीतरी करता येईल. आत बसलेल्या प्रत्येकाला हे वाटतं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी एक वेगळीच यादी आली. ॲप सर्वांत जास्त वापरणाऱ्या माणसांची. त्यांच्याशी बोलून छोटे व्हिडिओ करायचे, ॲपची जाहिरात म्हणून. यादीत नावं नव्हती, नुसते नंबर होते. पहिला नंबर मला पाठ होता. तो मामीला मीच घेऊन दिला होता.

शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "बाप रे, ही बाई तर दिवसाला साठ-साठ वेळा उघडते. किती आवडत असेल हिला." मी तिला म्हटलं, ती माझी मामी आहे. तिला इतका आनंद झाला. तिने उठून सगळ्यांना सांगितलं. सर स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, वा, घरातच यशोगाथा. मी म्हटलं, तिला पाणी मिळत नाही हो, म्हणून ती उघडते. ते म्हणाले, "ते नको सांगायला. ती ॲपवर विश्वास ठेवते, एवढंच घेऊ."

मी मामीला सांगितलं, नाही म्हण. ती म्हणाली, "तुझ्या ऑफिसचे लोक येणार आणि मी नाही म्हणू? तुझं नाव खराब होईल." मी खूप डोकं आपटलं. तिने बुधवारी चांगली साडी नेसली, मामाला धुतलेला सदरा घातला, आणि आदल्या दिवसापासून राखून ठेवलेल्या पाण्यातून चौघांना चहा केला.

कॅमेरावाल्याला नळ उघडून हवा होता. मामीने उघडला. काही नाही. "चालेल," तो म्हणाला, "मोबाइलकडे बघून हसा फक्त." मामी हसली. पुन्हा हसा, पदर सरळ करा, आता खिडकीपाशी. मग त्यांच्यातल्या एकाला बाथरूमला जायचं होतं. तो गेला, आणि आत ठेवलेली भरलेली बादली ओतून मोकळा झाला. दुसऱ्याने चिवड्याचे हात मोरीत धुतले, आणि ते धुताना तांब्याने पाणी घेतलं नाही, कळशीच हातावर ओतली. त्यांना माहीत नव्हतं. माहीत असायला कोणी सांगायला हवं, आणि मी दारात उभी राहून ओठ चावत होते, कारण मामी डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होती. ती बादली मामाच्या अंगाची होती.

ते गेल्यावर मी खाली जाऊन दोन कॅन विकत आणले आणि तीन मजले चढवले. मामीने मामाला कुशीवर वळवलं आणि मला म्हणाली, इकडे बघ जरा. माकडहाडाच्या वर रुपयाएवढी जागा लाल होऊन कातडी सुटलेली होती. "चार दिवस झाले," ती म्हणाली. "रोज पूर्ण पुसून होत नाही गं." मामा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

मी खाली बयकडे गेले. पाय धरले, म्हटलं, तू ठोक, सेक्रेटरीला मी बघते. बयने मला उठवलं. म्हणाली, "मी ठोकंन गो. पन आता आयकतंय कोन? दहा मिनटं कोन थांबतंय? सगल्यांना ठावं झालंय, मोटर लावली तरी कोन बोलत नाय." तिने दुसऱ्या दिवशी ठोकून पाहिलं. मामी सांगत होती, पाइप वाजायच्या आत खाली चार मोटरी लागल्या. बय खुर्ची आत घेऊन गेली.

व्हिडिओ झळकला. गाणं लावलेलं, मामी खिडकीपाशी मोबाइल हातात घेऊन हसते आहे, आणि नंतर कुठल्यातरी दुसऱ्या घरातला नळ धो-धो वाहतो आहे. बिल्डिंगमधल्या बायकांनी तो पाहिला. चौथ्या मजल्यावरची बाळंतीण मामीला जिन्यात म्हणाली, "मावशी, तुम्हाला येतं म्हणजे. भाची कंपनीत आहे ना." त्या दिवसापासून शेजारणीने मामाकडे बघायला नकार दिला. तोंडावर नाही दिला, तिला कामं निघायला लागली. मामीचे पोळ्यांचे खाडे सुरू झाले.

मामाच्या पाठीची जखम बोटभर खोल गेली तेव्हा मामीने मला न विचारता ठरवलं. केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या एका बाईची विठ्ठलवाडीला चाळीत एक खोली रिकामी होती. जमिनीला टेकलेली, पत्र्याची, दारासमोर सहा घरांत मिळून एक नळ. सकाळी सहाला पाणी येतं, रोज, सहालाच. मी म्हटलं, मामी, स्वतःचं घर सोडून? माझ्याकडे चला दोघं. ती म्हणाली, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर ह्यांना चढवणार कोण? आणि तू ऑफिसात, मी कामाला, मग ह्यांच्याजवळ कोण? चाळीत दार उघडं ठेवलं तरी सहा घरांचं लक्ष असतं." सामान टेम्पोत चढलं तेव्हा मामाला चौघांनी खुर्चीत बसवून उतरवलं. तो जिन्यात प्रत्येक दारावरची पाटी वाचत होता. मामीने घराला कुलूप लावलं, मग पुन्हा उघडून आत गेली. मला वाटलं काही राहिलं. ती मोरीतल्या नळाची तोटी घट्ट बंद करून आली.

डोंबिवलीला परत येताना मी रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला.

जखम आता भरत आली आहे. मामी पहाटे नळावर नंबर लावते, पूर्वी भाड्याच्या खोलीत असताना लावायची तसाच. मोबाइलला हात लावायला तिला वेळ होत नाही, आणि गरजही नाही.

महिन्याभराने ऑफिसात दुसरी यादी आली. जे लोक आधी ॲप खूप उघडायचे आणि आता अजिबात उघडत नाहीत, त्यांची. प्रत्येकाने दहा-दहा नंबरांना फोन करायचा, का सोडलंत विचारायचं, आणि परत आणायचं. सर म्हणाले, पहिला नंबर तुझा, आपली यशोगाथा होती ती, तिला काहीही करून परत आण. मी समोर दिलेला कागद धरून मामीला फोन लावला. कागदावर लिहिलेलंच वाचलं, कारण दुसरं काय बोलावं मला कळेना. "आपण बरेच दिवस ॲप वापरलं नाहीत. आपल्यासाठी आम्ही काय करू शकतो?"

मामी हसली. "ठेव आता," म्हणाली, "ह्यांना पुसायचंय. बादली भरलेली आहे."

फोन झाल्यावर कारण भरायचं असतं. समोर चार पर्याय होते. मोबाइल बदलला. सूचना फार येतात. दुसरं ॲप वापरतो. घर बदललं. खाली एक मोकळी चौकट. मी चारही सोडले आणि चौकटीत लिहिलं: ह्या बाईला आमच्या ॲपमुळे पाणी मिळालं नाही, नवऱ्याच्या पाठीला जखम झाली, स्वतःचं घर सोडावं लागलं. आता पाणी मिळतं, म्हणून उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वांची माहिती एकत्र करून, नीट आवरून, तीच यादी पडद्यावर लावली. मी पहिली ओळ पाहिली. माझं लिहिलेलं तिथे नव्हतं. तिथे होतं, घर बदललं. मैत्रीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मीच बदललं. असं लिहिलं की आपला दोष धरत नाहीत."